सिंदखेडचे जाधवराव : एका वाड्याचा आणि वतनाचा इतिहास

सिंदखेडराजाचा राजवाडा महाराष्ट्राला एका दालनापुरता ठाऊक आहे. म्हाळसा महाल म्हणून दाखवतात त्या जागी पौष पौर्णिमेला, १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. दर्शनाला आलेला माणूस महाद्वारातून आत शिरतो, त्या जागी माथा टेकतो आणि बाहेर पडतो. त्यात गैर काही नाही. पण बाकीचा वाडा, त्याच्या मागेपुढे पसरलेले कोट, तलाव, बारवा आणि गावाबाहेरच्या समाध्या मिळून जो इतिहास होतो, तो कोणी सलग सांगत नाही. जिजाऊंवर या स्मरणिकेत इतरांनी लिहिलेलेच आहे. म्हणून इथे त्यांच्या माहेरची हकीकत, तीही शक्यतो माहेरच्या बाजूने.

सुरुवात नकाशापासून करायला हवी, कारण या घराण्याचे निम्मे नशीब नकाशाने ठरवले. सिंदखेड आज बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. पण जालना इथून तासाभराच्या आत, आणि देवगिरी-दौलताबाद शंभरएक किलोमीटरवर. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या शिवेवरचे हे गाव. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाडची इमादशाही गिळली, तेव्हा सिंदखेड मोठ्या राज्याच्या पोटात आले. पुढे बावीस वर्षांतच चांदबिबीने मोगलांशी तह केला आणि वऱ्हाड १५९६ मध्ये अकबराला देऊन टाकले. जिजाऊ जन्मल्या तेव्हा त्या तहाची शाई जेमतेम वाळली होती. वाड्याच्या पूर्वेला मोगल, पश्चिमेला निजामशाही, आणि मध्ये देशमुखी. पुढे पन्नास वर्षे जे घडले ते या तीन शब्दांत बसते.

घराणे स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानते. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपले, आणि त्यानंतर जिजाऊंचे वडील लखुजीराव यांच्यापर्यंतच्या अडीचशे वर्षांच्या वंशावळी घरोघरी वेगवेगळ्या मिळतात. त्या जुळवत बसण्यात मला फारसा रस नाही. सिंदखेडची देशमुखी या घराण्याकडे कशी आली, याच्याही दोन कथा आहेत. वऱ्हाडच्या जुन्या इंग्रजी गॅझेटिअरात असे आहे की परगण्याची जहागीर १४५० च्या सुमारास इथल्या काझीला मिळाली होती आणि शंभर वर्षांनी त्याच्या वारसाने ती आपखुशीने जाधवांच्या मूळपुरुषाला दिली. गावातली परंपरा निराळी. तिच्यानुसार देशमुखी मुळे घराण्याची. ढोणे नावाच्या बंडखोराने मुळ्यांचा घात करून ती बळकावली, आणि लखुजीरावांनी त्या बंडखोराला मारून परगणा सोडवला. वतन आपखुशीने देणारा काझी मला जरा अवघड वाटतो. दोन्ही कथांत जाधव आले तेव्हा घर रिकामे नव्हते, एवढे मात्र समान आहे.

वतन ही चीज आज समजावून सांगावी लागते, कारण ते कायद्याने नाहीसे होऊनही बरीच वर्षे झाली. सुलतान देई ती जहागीर किंवा सरंजाम. तो चाकरीच्या बदल्यात मिळे आणि चाकरी सुटली की काढून घेता येई. देशमुखी हे वतन. परगण्यातल्या गावांकडून सारा वसूल करून सरकारात भरायचा, ओसाड गाव पडले तर कौल देऊन कुळे आणायची, नव्या जमिनीला पहिली काही वर्षे हलका सारा लावून तो दरसाल चढवत न्यायचा, पेठ वसवायची, चोरापोरांचा बंदोबस्त ठेवायचा, तंट्यात गोतसभेला बसायचे. हिशेब देशपांड्याच्या हातात. या सगळ्याबद्दल वसुलात ठरलेला हिस्सा, इनाम जमीन, आणि सणावाराला पहिला मान. सुलतान बदलला तरी नवा सुलतान वतनदाराला सहसा हात लावत नसे; त्याच्याशिवाय वसूल कोण करणार? वाडा म्हणजे या कारभाराची कचेरी. जिथे पाळणा हलत होता त्याच भिंतींच्या आत पाटील-कुलकर्णी ताळेबंद घेऊन बसत होते, आणि सैन्याची हजेरीही तिथेच लागत होती.

सिंदखेडला हा कारभार अजून डोळ्यांनी दिसतो, तो मुख्यतः पाण्यात. मोती तलाव आणि चांदणी तलाव हे दोन तलाव पावसाचे पाणी अडवून केलेले. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली वास्तू उभी आहे. पाणी भरले की ती बेटासारखी दिसते, आणि उन्हाळ्यात तिचे बूड उघडे पडते. गावात पुतळा बारव आहे. तिच्या भिंतींवर इतकी शिल्पे आहेत की खाली पाण्यापर्यंत जायला वेळ लागतो. नीळकंठेश्वराचे हेमाडपंती मंदिर या सगळ्याहून जुने. जाधव यायच्या आधीपासून इथे वस्ती होती याची ती दगडी साक्ष. वाड्याखेरीज साकरवाडा आणि काळाकोट या दोन वास्तू आहेत. काळाकोटाची भिंत रुंदीला इतकी, की तिच्या माथ्यावरून बैलगाडी जाईल असे वाटते. पण कोट पुरा झालाच नाही. अर्धवट राहिलेल्या या कोटाबद्दल गावात तर्क पुष्कळ आहेत. माझा कौल साध्या कारणाला आहे. तो बांधायला जेवढी वर्षे निवांत मिळायला हवी होती, तेवढी या घराण्याला मिळाली नाहीत.

लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार. त्यांच्या काळात सिंदखेडचे नाव अहमदनगर-दौलताबादच्या दरबारात अदबीने घेतले जाई. रंगपंचमीला रंगमहालात मालोजीराजे भोसले छोट्या शहाजीला घेऊन आले, मुलांनी एकमेकांवर रंग टाकला आणि लखुजीराव हसत काहीतरी बोलून गेले, ही बखरीतली गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. त्या हसण्यातून सोयरीक कशी ठरली, याचे बखरकारांनी नाटकच केले आहे. मला त्यातला एक तपशील खरा वाटतो, तो म्हणजे लखुजीरावांच्या घरच्या माणसांचा नकार. परगण्याचे देशमुख आणि नव्याने वर चढलेले भोसले यांच्यात तेव्हा पायरीचा फरक होता, आणि वतनदाराच्या घरात पायरी मोजूनच मुलगी देत.

शहाजी-जिजाऊंचा विवाह झाला, पण दोन घरे पुढे एका बाजूला फार काळ राहिली नाहीत. खंडागळ्यांचा हत्ती दरबाराबाहेर बिथरला, त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले, त्यात लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी मारला गेला आणि भोसल्यांकडचा संभाजी, मालोजींचे भाऊ विठोजी यांचा मुलगा, लखुजीरावांच्या हातून पडला. शहाजीराजेही जखमी झाले. एका हत्तीपायी सोयऱ्यांत वैर पडले असे म्हणतात. हत्ती हे निमित्त. दोन्ही घरे वतन आणि फौज वाढवत होती, आणि दरबारात जागा एकच होती.

इकडे वजीर मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली होती, आणि मोगलांशी त्याची झुंज जालन्याच्या आसपास, म्हणजे जाधवांच्या अंगणात चालली होती. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईआधी जे मराठा सरदार मोगलांना जाऊन मिळाले त्यांत लखुजीराव होते. ते परत आले आणि १६२१ मध्ये पुन्हा मोगलांकडे गेले. मोगलांनी त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना मिळून चोवीस हजारांची जात आणि पंधरा हजार स्वारांची मनसब दिली. एका घराण्याला एवढी मोठी मनसब द्यावी लागली, यावरूनच मोगलांना शिवेवरच्या या देशमुखांची किती गरज होती ते कळते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत लखुजीराव मोगलांकडून आणि शहाजीराजे मलिक अंबरकडून असे सासरा-जावई समोरासमोर होते. जिंकला अंबर.

या येण्याजाण्याबद्दल लखुजीरावांना फितूर म्हणणारे लिहून गेले आहेत. आजच्या राष्ट्रनिष्ठेची फूटपट्टी सतराव्या शतकातल्या देशमुखाला लावली की असे होते. सिंदखेड ज्याच्या तोफेच्या टप्प्यात, त्याच्याशी देशमुखाचे जुळवून घेणे भाग होते. तो चाकरी ज्याची करी त्याचे नाव फर्मानावर येई. त्याची निष्ठा परगण्याशी असे. हे मान्य केले की घराण्याचा पुढचा इतिहासही समजायला सोपा जातो.

१६२९ मध्ये लखुजीराव पुन्हा निजामशाहीकडे वळले होते. २५ जुलै १६२९ रोजी त्यांना दौलताबादच्या किल्ल्यावर दरबारात बोलावले गेले. मुजऱ्याला जायचे म्हणजे शस्त्र बाहेर ठेवायचे. निजामशहाने त्यांना फार वेळ जवळ बसू दिले नाही. तो उठून आत गेला आणि लपवून ठेवलेली माणसे बाहेर आली. लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि दत्ताजींचा मुलगा यशवंतराव असे एकाच घरातले चार पुरुष त्या दिवशी तिथे कापले गेले. गडाखाली उतरलेल्या तळावर बातमी पोचली तेव्हा लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाई (गिरिजाई असेही त्यांचे नाव मिळते) आणि बंधू जगदेवराव उरलेली फौज घेऊन निसटले आणि थेट सिंदखेडला आले. लौकरच ते मोगलांच्या चाकरीत गेले. शहाजीराजांनीही सासऱ्याच्या खुनानंतर निजामशाही सोडली. चार वर्षांत दौलताबाद मोगलांनी घेतले आणि सात वर्षांत ती शाही मिटली. एक दरबार बुडायला एक खून पुरत नाही हे खरे. पण ज्या सरदारांच्या जिवावर ती शाही उभी होती त्यांचा विश्वास त्या दिवशी गेला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गर्भवती जिजाऊंना शहाजीराजांनी शिवनेरीवर ठेवले तेव्हा पाठलाग करत आलेल्या लखुजीरावांची आणि लेकीची भेट झाली, असा हृद्य प्रसंग बखरींत आणि त्यांवर रचलेल्या नाटकांत येतो. शिवजन्म १६२७ चा मानला जाई तेव्हा तो कालगणनेत बसत होता. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा धरला की तो बसत नाही. त्याच्या जवळजवळ सात महिने आधी लखुजीराव गेले होते. शिवनेरीवरच्या बाळंतिणीला माहेरून येण्यासारखे फार कोणी राहिले नव्हते, कारण माहेरचे बरेच कर्ते पुरुष दौलताबादेत संपले होते.

लखुजीरावांची समाधी सिंदखेडला आहे. दगड आणि विटांचे ते प्रचंड घुमटी बांधकाम देशातल्या मोठ्या हिंदू समाधी-वास्तूंत गणले जाते. तिच्याजवळच मुला-नातवांच्या समाध्या आहेत. मारले गेलेल्या माणसासाठी एवढी मोठी वास्तू उभारायला पैसा लागतो आणि हिंमतही. जगदेवराव आणि म्हाळसाबाई घरी आले, त्यांनी वतन सावरले आणि समाधीही उभी राहिली. गाव पाहायला येणाऱ्याने वाड्याला जेवढा वेळ द्यावा तेवढाच इथे द्यावा, असे माझे मत आहे.

यानंतर घराण्याचे दोन प्रवाह झाले. अचलोजींचा मुलगा संताजी याला जिजाऊंनी आपल्याकडे वाढवले; तो कनकगिरीच्या वेढ्यात शहाजीपुत्र संभाजीराजांबरोबर पडला. संताजीचा मुलगा शंभुसिंग आणि त्याचा मुलगा धनाजी, अशी परंपरेतली पिढी. हे धनाजी म्हणजे औरंगजेबाच्या छावणीला चैन पडू न देणाऱ्या जोडीतले सेनापती धनाजी जाधव. दुसरा प्रवाह सिंदखेडात मोगल मनसबदार म्हणून राहिला. म्हणजे एकाच वेळी एक शाखा बादशहाच्या तळावर छापे घालत होती, आणि दुसरी त्याच तळात मनसबीचा तनखा घेत होती. शाहूराजे मोगलांच्या कैदेत असताना औरंगजेबाने त्यांची लग्ने लावून दिली, त्यांतली एक वधू सिंदखेडच्या रुस्तुमराव जाधवांची कन्या. त्याआधी शिवरायांच्या राण्यांपैकी काशीबाई सिंदखेडकर जाधवांच्याच. जिजाऊ एकट्याच या वाड्यातून भोसल्यांच्या घरात गेल्या नाहीत.

शाहूराजे १७०७ मध्ये सुटून आले तेव्हा त्यांना अडवायला ताराराणींनी धनाजींना धाडले, आणि खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना येऊन मिळाले. धनाजींच्या पदरचा कारकून बाळाजी विश्वनाथ त्यानंतर पुढे आला. त्याच्याशी धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन यांचे बिनसले. चंद्रसेन सेनापतीपद सोडून आधी ताराराणींकडे आणि मग निजामाकडे गेले, भालकीची जहागीर घेऊन राहिले. त्यांचा मुलगा रामचंद्र. १७५७ च्या अखेरीस पेशव्यांच्या फौजेने ज्या रामचंद्र जाधवाला सिंदखेडात कोंडले तो हाच. पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव नावाला मोहिमेचे प्रमुख, प्रत्यक्षात दत्ताजी शिंदे. निजाम अली त्याला सोडवायला आला, डिसेंबरात चार-पाच दिवस या परिसरात लढाई झाली, आणि साखरखेर्ड्याच्या तहाने निजामाला पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग सोडावा लागला. त्याच साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाला मारून दक्षिणेतले आपले राज्य पक्के केले होते आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले होते. सिंदखेड तालुक्यातल्या त्या एका गावात तेहतीस वर्षांच्या अंतराने निजामी राज्य मिळालेही आणि त्याचा लचकाही तुटला. लोक मात्र साखरखेर्डाच म्हणतात.

या सगळ्या काळात घराणे वाटण्यांनी पसरत गेले. वतन विभागता येते. भाऊ वाढले की तक्षिमा पडतात. देऊळगाव राजा, आडगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, जवळखेड, उमरद ही सगळी जाधवांच्या शाखांची गावे. जालन्याहून येताना गावाच्या नावामागे ‘राजा’ दिसू लागला की जाधवांच्या मुलखात आलो असे समजावे. त्यांतल्या देऊळगावच्या शाखेने पुढे मूळ गावाला मागे टाकले. जगदेवरावांच्या काळापासून सांगितले जाणारे तिथले बालाजी संस्थान, आश्विनातली यात्रा आणि यात्रेतला उंच लाटांचा, म्हणजे लाकडी खांबांचा, मंडप यांनी त्या गावाला जो व्यापार दिला तो सिंदखेडला पुन्हा मिळाला नाही.

सिंदखेडची पडती १८०४ च्या सुरुवातीला एका परक्याने पाहिली. असई, अडगाव, गाविलगड या लढाया उरकून इंग्रज जनरल वेलस्ली परत फिरला तेव्हा त्याचा तळ इथे पडला. त्याने लिहून ठेवले आहे की हे गाव चोरांचे घर झाले आहे, माणसे शेकड्यांनी उपाशी मरत आहेत आणि त्यांच्याकडे बघणारे सरकार म्हणून काही नाही. पेंढारी, दुष्काळ आणि लढाया यांनी परगणा धुऊन काढला होता. हा शेरा मात्र एकांगी आहे. उपासमारीला त्याच्या स्वतःच्या फौजेची रसदही कारण झाली असणार, ते तो लिहीत नाही.

वतनाचा शेवट देऊळगावात झाला. १८५१ मध्ये जाधवांच्या पदरच्या अरबांची आणि हैदराबादच्या इंग्रजी कवायती फौजेची, म्हणजे कंटिंजंटची, चकमक झाली. शांतताभंगाचा ठपका बाजीराव जाधवांवर आला, पिढीजाद मालमत्ता जप्त झाली, आणि बाजीराव १८५६ मध्ये सरकारी कैदेत वारले. मधल्या काळात १८५३ च्या कराराने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. वसुलाला तहसीलदार आला. देशमुखाला करण्यासारखे काही उरले नाही. कचेरी नसलेला वाडा राखायला परवडत नाही, आणि सिंदखेडच्या वाड्याच्या ज्या भिंती पडल्या त्या मोठ्या प्रमाणावर त्यानंतरच्या शतकभरात पडल्या असाव्यात.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वाड्याकडे पुन्हा लोक येऊ लागले. मराठा सेवा संघाने १२ जानेवारीचा सोहळा सुरू केला, गावाबाहेर जिजाऊ सृष्टी उभी राहू लागली, आणि वर्षातला एक दिवस या गावातल्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो.

नवी भर पडली ती २०२४ मध्ये. लखुजीरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम चालू असताना काही दगड वेगळे वाटले, म्हणून आणखी खोदले. आधी देवळाचा पाया लागला, त्यात शिवलिंग. मग सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती. लांबी एक मीटर सत्तर सेंटीमीटर, क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ, घडायला सोप्या दगडातली. विष्णू शेषावर पहुडला आहे, लक्ष्मी पाय चेपते आहे, आणि बैठकीच्या पट्टीवर समुद्रमंथन कोरले आहे, त्यात घोडा आणि ऐरावतही ओळखू येतात. जाणकारांनी हे काम जाधवांच्या बऱ्याच आधीचे ठरवले. समाधी बांधणाऱ्यांना आपल्या पायाशेजारी काय गाडले गेले आहे याची कल्पना असेल की नसेल, पण गाव त्यांच्याहून जुने आहे हे नीळकंठेश्वराने आधीच सांगितले होते, आणि ते आता आणखी ठळक झाले.

बारा जानेवारीच्या सोहळ्याची सुरुवात सूर्योदयाला होते. वाड्यातल्या जन्मस्थळी पहिली पूजा लखुजीरावांचे वंशज करतात. त्यासाठी निरनिराळ्या शाखांची कुटुंबे आपापल्या गावांहून भल्या पहाटे येतात. ती पूजा उरकली की मग महाद्वारातून बाकीच्यांची रांग आत सोडतात.